ओल्या मैदानावरचा रूळ

रूळमामांचं आणि गवताचं वैर जुनं होतं. मैदानावर येण्याच्या कितीतरी आधीपासूनचं. उभं आयुष्य त्यांनी रस्ते दाबण्यात घालवलं होतं. खडी पसरायची, वर मुरूम टाकायचा, पाणी मारायचं आणि मग रुळाचं ते लोखंडी धूड सावकाश, भरल्या पोटाच्या जनावरासारखं, पुढे-मागे न्यायचं. जमीन गप्प होईपर्यंत. दाबलेल्या जागी टाच आपटून मामा नुसत्या आवाजावरून सांगायचे, अजून एक फेरी हवी की पुरे. त्यांनी दाबलेला रस्ता पोटात पाणी घेत नसे. आणि एवढं करूनही वर्षा-दोन वर्षांत त्याच रस्त्याच्या कडेला एखादं हिरवं बोट वर यायचं. इवलंसं, मऊ, वाऱ्यावर डोलणारं. मामांना ते बघवत नसे. ते रूळ थांबवायचे, खाली उतरायचे आणि ते पातं उपटून बोटांत चुरगळायचे. नुसतं टाकून दिलं तर ते पुन्हा रुजेल असा त्यांना संशय असे.

अशा माणसाच्या नशिबी शेवटी गवत वाढवण्याचं काम आलं.

झालं असं की पालिकेने रस्ते बाहेरच्या लोकांकडून करून घ्यायला सुरुवात केली. त्यांची यंत्रं नवी होती, बसायला गादी, डोक्यावर काचेची खोली. मामांचा जुना रूळ यार्डात एका कोपऱ्यात उभा राहिला आणि रस्त्यावरची माणसं इकडेतिकडे वाटली गेली. कुणी पाण्याच्या टाकीवर गेलं, कुणी कचऱ्याच्या गाडीवर. मामांना फुटबॉलच्या मैदानाची राखण मिळाली. ती त्यांनी घेतली ती गवतासाठी नाही, खोलीसाठी. राखणदाराला प्रेक्षकांच्या गॅलरीखाली राहायला खोली होती आणि मामांच्या घरी अक्का होती.

अक्का म्हणजे मामांची थोरली बहीण. मामी गेल्यावर चार दिवसांसाठी म्हणून आली ती राहिलीच. दोन्ही गुडघे कामातून गेलेले, त्यामुळे जिना म्हटला की ती पहिल्या पायरीशीच अडायची. पूर्वीची भाड्याची जागा माडीवर होती. तिथे अक्का वर गेली की महिनोन् महिने खाली येत नसे. आणि माणूस वरच्या वर कोंडला की त्याची जीभ मोकाट सुटते. मैदानावरच्या खोलीला पायरीच नव्हती. उंबरासुद्धा नव्हता. काठी टेकत अक्का स्वतःच्या पायांनी दाराबाहेर जाऊ शकत होती, नळावर तोंड धुऊ शकत होती. 

खोली मात्र विचित्र होती. वरच्या गॅलरीच्या पायऱ्या म्हणजेच तिचं छत, त्यामुळे ते दारापासून आत आत उतरत गेलेलं. दारात ताठ उभं राहता येई, मध्ये मान वाकवावी लागे आणि चुलीपाशी तर बसूनच जावं लागे. वर सामन्याला लोक बसले की चहात माती पडे. अक्काची खाट खिडकीला लावलेली होती आणि खिडकीतून सगळं मैदान दिसे, या गोलापासून त्या गोलापर्यंत. अक्का म्हणायची, मरेपर्यंत पुरेल एवढं बघायला आहे, आता इथून मला हलवू नका.

आणि नेमकी हीच खोली आणखी एकीला हवी होती.

मैदानाची व्यवस्था बघायला एक बाई होत्या. तरुण, सडपातळ, उन्हाने रापलेल्या. पॅन्टचे पाय मोज्यांत खोचलेले आणि कमरेच्या पिशवीत एक लांब पात्याची सुरी. कॉलेजात जाऊन गवत शिकून आल्या होत्या. गवत शिकायला कॉलेजात जावं लागतं हे ऐकून मामा इतके हसले होते की त्यांना ठसका लागला होता. बाई काही हसल्या नाहीत. पहिल्या दिवशी त्यांनी मामांकडे नीट पाहिलंही नाही. दारातून खोलीत नजर टाकली, अक्काची खाट पाहिली, भिंतीला लावलेली पिंपं पाहिली आणि म्हणाल्या, "ही जागा मी मशीनसाठी मागितली होती. तुम्हाला दिली."

त्यांचं गवत कापायचं मशीन बाहेर ताडपत्रीखाली भिजत असे. पात्यांना गंज चढे. गंजलं पातं गवत कापत नाही, ओरबाडतं, आणि ओरबाडलेली टोकं पांढरी पडून सगळ्या मैदानाला पिकल्या केसांसारखी कळा येते. बाई ती पांढरी टोकं मामांना दाखवायच्या आणि मग नजर खोलीकडे वळवायच्या. बोलत काही नसत. न बोलता घालूनपाडून बोलण्याची ती कला त्यांना चांगली साधली होती.

तेव्हापासून दोघांत विस्तव जाईना. पाठीमागे मामा त्यांना गवतबाई म्हणत. बाई मामांना काय म्हणत कोण जाणे, पण तोंडावर "मामा" म्हणताना त्या शब्दातला सगळा ओलावा काढून घेत.

शिकवायचं मात्र त्यांना भागच होतं, कारण दुसरा माणूस नव्हता. दगड मारावेत तशा त्या शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात मामांनी मशीनचं पातं पार खाली उतरवून अर्धं मैदान भादरलं. गुळगुळीत म्हणजे स्वच्छ, एवढा साधा त्यांचा हिशेब. बाई धावत आल्या आणि मशीन बंद करून विचारलं, केस कापताय की कातडी सोलताय? मग त्यांनी समजावलं. गवताची जेवढी उंची असेल तिचे मनात तीन भाग करायचे आणि वरचा एकच भाग कापायचा. पातं हेच गवताचं तोंड. सगळं तोंडच कापून नेलं तर ते मुळांना खायला काय घालणार? मामा म्हणाले, असं चिमूट चिमूट कापत बसलं तर चार दिवसांनी पुन्हा कापावं लागेल. बाई म्हणाल्या, मग कापा.

पाण्याचंही तेच. मामा रोज संध्याकाळी रस्त्यावरची धूळ बसवावी तसं वरवर पाणी शिंपडायचे. बाईंनी ते बंद केलं. त्या म्हणायच्या, रोज दारात जेवण आणून दिलं तर घराबाहेर कोण पडेल? द्यायचं तेव्हा सकाळी भरपूर द्यायचं, खोल जाईल असं, आणि मग हात आखडायचा. वरची माती सुकली की मुळं पाण्याच्या शोधात खाली उतरतात. खोल मुळाचं गवत खेळाडूच्या बुटाखाली निघून येत नाही. मामांना यात कुठेतरी स्वतःवर टोमणा आहे असं वाटायचं. ते म्हणाले, गवतालासुद्धा तुम्ही उपाशी ठेवता म्हणजे माणसाचं तर विचारायलाच नको.

ही सगळी बोलणी खिडकीसमोर चालत. अक्का गालातल्या गालात हसायची. रात्री ताट वाढताना म्हणायची, "मला वाटत होतं, तुला बोलणारी मीच एक उरलेय."

असं करत करत मामा सगळं शिकले, पण कडू औषध गिळल्यासारखं. एकदा उभं कापलं की पुढच्या वेळी आडवं कापायचं, हे शिकले. गोलसमोरची जागा सगळ्यात आधी उघडी पडते, तिथे सराव करणाऱ्यांना हुसकावून लावायचं, हे तर त्यांना आवडलंही. पण मनातून त्यांना हे काम कामच वाटत नव्हतं. काम म्हणजे ज्यावर उभं राहून टाच आपटता येते ते.

मग मोसमातला पहिला मोठा सामना आपल्या मैदानावर व्हावा असं पालिकेतल्या साहेबांच्या मनात आलं. साहेब मऊ बोलणारे. मैदान ही त्यांना गवताची जागा कधी वाटलीच नाही, मोकळी जागा वाटायची. प्रदर्शन भरवावं, तंबू ठोकावेत, मोटारी लावाव्यात. बाई प्रत्येक वेळी नाही म्हणायच्या, आणि साहेब प्रत्येक वेळी हसून "बरं" म्हणायचे. ते हसू त्यांनी साठवून ठेवलं होतं. सामन्याआधी बाहेरगावचे पंच मैदान पाहून जाणार होते. पास झालं तर सामना इथे, नाहीतर दुसरीकडे. साहेब एकदा फिरत फिरत आले, चेंडूला पाय लावून पाहिला. चेंडू दोन-तीनदा वेडावाकडा उडाला. तेव्हा मामांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मामा, तुमच्यासारखा रूळवाला इथे असताना जमीन अशी खडबडीत?"

एवढंच. पण ते मामांच्या काळजात रुतलं. आपण ज्या गावात हयातभर जमिनी सरळ केल्या त्या गावात आपल्याच दारासमोर चेंडू ठेच खातो.

त्याच आठवड्यात बाई दोन दिवस बाहेरगावी गेल्या. गोलसमोर लावायला तयार गवताच्या गाद्या बघायच्या होत्या. जाताना बजावून गेल्या, उद्या सकाळी मैदानाला पोटभर पाणी द्या आणि मग त्यावर कुणाला पाय ठेवू देऊ नका, तुम्हीसुद्धा ठेवू नका.

मामांनी पाणी दिलं. सांगितल्याहून जास्तच दिलं. आणि मग त्या ओल्या, काळ्याभोर, चमकणाऱ्या मैदानाकडे बघत ते कितीतरी वेळ उभे राहिले. रस्त्याच्या माणसाला पाणी मारलेली जमीन दिसली की पुढचं काम ठरलेलं असतं. पाणी हे पुढच्या कामासाठीच मारायचं असतं. कोरडी माती दबत नाही, ओली दबते. हे शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंना अर्धंच काम ठाऊक आहे, बिचाऱ्या कॉलेजात शिकलेल्या, उरलेलं अर्धं त्यांना कुणी शिकवलंच नसेल, असं त्यांच्या मनात आलं. त्यांना बाईंची जवळजवळ कीव आली.

यार्डातला पहारेकरी जुना दोस्त. रूळ अजून चालू होता, फक्त बॅटरी उतरलेली, ती त्याने दुसऱ्या गाडीवरून जोडून दिली. सकाळचं ऊन गॅलरीच्या माथ्यावर आलं तेव्हा मामा आपल्या जुन्या जागेवर बसून फाटकातून आत शिरले.

त्या दिवशी मामांनी जे केलं ते चूक होतं, पण सुंदर होतं. एक पट्टा संपला की दुसरा त्याला वीतभर चढवून. वळताना माती फाटू नये म्हणून चाक हळूच आधी सैल, मग घट्ट. कुठे थांबणं नाही, कुठे धक्का नाही. गवत खाली मान घालत गेलं आणि उंचवटे एकेक करून निवत गेले. डिझेलचा तो ओळखीचा वास, हाताला तो ओळखीचा थरथराट. अक्काची खाट हादरायला लागली तशी तिने खिडकीतून हाक घातली, की घर पाडायचं असेल तर मला आधी बाहेर तरी काढ. मामांना ऐकू आलं नाही. ते गाणं म्हणत होते.

संध्याकाळी मैदान ताटासारखं सपाट झालं होतं. साहेब आले, चेंडू ढकलून पाहिला, तो सरळ रेषेत लांबवर घरंगळत गेला. त्यांनी मामांना चहा पाजला.

बाई परतल्या त्या सरळ मैदानावर गेल्या. मामा खोलीच्या दारात हात बांधून उभे राहिले, मानाने. बाईंनी सुरी काढली आणि जमिनीत घातली. ती नखभर जाऊन थांबली. थोडं पुढे जाऊन पुन्हा घातली. मग मध्यावर जाऊन दोन्ही हातांनी घातली. मग त्या तिथेच मांडी घालून बसल्या, पाठमोऱ्या. बऱ्याच वेळाने आल्या आणि विचारलं, पाणी कधी दिलं होतं.

मामांनी समजावून सांगितलं. आधी पाणी आणि ते ओलं असतानाच दाब, सुकू दिलं की सगळं फुकट.

बाई म्हणाल्या, "मामा, इतका पक्का रस्ता मी आजवर पाहिला नाही."

जेवायला बसेपर्यंत मामा हे कौतुकच समजून चालले होते. मग अक्काने त्यांना समजावलं.

पुढचं समजवायला कुणी लागलं नाही. ते डोळ्यांना दिसलं. दिलेलं पाणी आत जाईना. ते वर थांबून राहायचं, आभाळ दाखवायचं आणि उन्हाने तापायचं. गवत आधी निस्तेज झालं, मग कडेकडेने पिवळं, मग मध्यावर असं तपकिरी की वरून कुणी गोणपाट अंथरलंय असं वाटावं. मातीला आंबूस वास येऊ लागला. बाई म्हणाल्या, मातीत पाण्याला जागा लागते तशी हवेलाही लागते. तुम्ही मुळांचं नाक दाबून धरलंय.

जमिनीला भोकं पाडायचं मशीन शेजारच्या क्लबकडे होतं. पण बाईंचं त्यांच्याशीही भांडण झालेलं होतं, त्यांनी दिलं नाही. उरला लोखंडी काटा, चार दातांचा, लाकडी मुठीचा. पायाने दाबून तो वीतभर खाली घालायचा, जरासा मागे रेलायचा, म्हणजे आतली माती उकलते, मग सरळ वर काढायचा आणि मागच्या मागे एक पाऊल सरायचं. पुढे सरलात तर उघडलेलं पुन्हा पायाखाली दाबलं जातं. असं सगळं मैदान. वर बारीक वाळू पसरून झाडूने भोकांत लोटायची, म्हणजे ती पुन्हा मिटत नाहीत.

एका गोलाकडून मामांनी सुरुवात केली, दुसऱ्याकडून बाईंनी. दिवसचे दिवस दोन माणसं एकमेकांकडे पाठ करून उलटी चालत राहिली. मामांनी दाबलेली जमीन मामांनाच दाद देईना. काट्याचे दात वाकत, ते बसून सरळ करावे लागत. तळव्याला फोड आले, पायाच्या शिरा तट्ट झाल्या. अक्का खिडकीतून बघत होती. म्हणाली, आयुष्यभर जेवढी जमीन दाबलीस तेवढी सगळी उकरून घेणार बहुतेक ही.

एकदा काटा जरा जास्त रेलला आणि गवतासकट मातीचं एक ढेकूळच निघून वर आलं. मामांनी ते हातात घेऊन उलटं केलं. मुळं खाली जायला निघाली होती. मग ती कशावर तरी आदळली होती आणि सगळीच्या सगळी आडवी वळली होती. एकमेकांत गुंतून, चपटी होऊन, बंद दारासमोर दाटलेल्या गर्दीसारखी. त्यांच्या खालची माती गुळगुळीत होती, भाजलेल्या विटेसारखी. आपल्या हाताचं काम मामांनी लगेच ओळखलं. दोष काढायला जागा नव्हती त्यात. ढेकूळ पुन्हा जागेवर ठेवून त्यांनी तळव्याने थापायला हात उचलला, तो तसाच खाली घेतला आणि बोटांनी माती सैल केली.

बाई लांबून बघत होत्या. म्हणाल्या, "बोटं पुरायची नाहीत, काटा उचला."

पंच आले तोवर कडांना हिरवं धरलं होतं, पण मध्य तसाच होता. त्यांनी मान हलवली आणि सामना दुसरीकडे गेला. पालिकेत गाजावाजा झाला. मैदान कुणी बिघडवलं हे विचारायला समिती बसायची ठरली. 

बैठकीच्या आधी साहेब स्वतः खोलीत आले. मान वाकवून आत शिरले, अक्काच्या गुडघ्यांची चौकशी केली, पिंपावर बसले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. मैदानाची जबाबदारी बाईंची. पाणी द्यायला त्यांनीच सांगितलं होतं. रूळ फिरवायलाही त्यांनीच सांगितला, एवढं मामांनी समितीपुढे म्हणावं. मामा काय, हुकमाचे ताबेदार. बाई जातील, मैदान मोकळं होईल आणि खोली अक्का असेपर्यंत अक्काची, हा त्यांचा शब्द. नाहीतर मग राखणदार बदलावा लागेल, आणि राखणदार बदलला की खोली आपोआप जाते, त्यात त्यांच्या हातात काही नाही.

साहेब गेल्यावर अक्का म्हणाली, तोंडातून एक वाक्य तर काढायचंय. मामा म्हणाले, हो. अक्का म्हणाली, त्या बाईचं काय, शिकलेली आहे, तिला कुठेही गवत मिळेल. मामा म्हणाले, हो. आणि खरोखरच त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतं. बाईंबद्दल दयामाया वाटावी असं त्यांच्यात काही घडलं नव्हतं. उलट ती बाई जाईल, तिची ती पांढरी टोकं दाखवणारी नजर जाईल, या विचाराने त्यांना बरं वाटत होतं. सकाळी त्यांनी धुतलेला सदरा घातला. ते वाक्य त्यांनी वाटेत दोनदा म्हणून पाहिलं.

समितीत चार माणसं. बाई एका टोकाला बसलेल्या, ताठ. त्यांना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, ओल्या मैदानावर मी हातगाडीसुद्धा नेऊ दिली नसती. साहेब हसले. म्हणाले, मामांनाच विचारू या. साधा माणूस आहे, यातलं त्यांना काय कळणार, बाईंनी पुढे उभं राहून दाखवलं असेल, इथून फिरवा, तिथून वळवा, तसा त्यांनी फिरवला. आणि मामांकडे वळून म्हणाले, "तसंच ना मामा? तुम्हाला बाईंनी दाखवलं, तसा फिरवलात."

मामांनी तोंड उघडलं. वाक्य जिभेवर होतं. पण साहेबांनी त्याला जी शेपटी जोडली होती ती तोंडातून बाहेर पडेना. बाईंनी दाखवलं. आपल्याला. इथून वळवा म्हणून. बाईंनी, ज्यांना ओली माती म्हणजे काय हे माहीत नाही. मामांच्या कानशिलांवरच्या शिरा उभ्या राहिल्या.

"मला रूळ कसा फिरवायचा हे कुणी दाखवावं लागत नाही," ते म्हणाले.

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. समितीतल्या एकाने विचारलं, म्हणजे तुम्ही तुमच्या मनाने फिरवलात?

"माझ्या मनानं. त्या गावातसुद्धा नव्हत्या. आणि तसा दुसऱ्या कुणी फिरवून दाखवावा, एक पट्टा तिरपा गेलेला नाही." मग खाली बघत ते म्हणाले, "गवताचं वाटोळं झालं, ते वेगळं."

राखणदाराची जागा गेली. नोकरीवरून काढलं नाही ते दयेने नव्हे. मैदान अजून अर्धं उकरायचं होतं आणि उलटं चालत काटा मारायला दुसरं कुणी तयार नव्हतं. साधा मजूर म्हणून त्यांना ठेवलं. आणि खोली गेली. साहेबांनी शब्द पाळायचा प्रश्नच आला नाही, आणि बाईंनी वेळ दवडला नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी खोली मशीनसाठी मागून घेतली.

सामान हलवत असताना त्या मशीन ढकलत दारापर्यंत आल्या. खाट अजून आत होती आणि खाटेवर अक्का होती. 

मामा म्हणाले, "जरा तरी थांबायचं होतंत. मी तुमची नोकरी वाचवली."

"तुम्ही माझं मैदान मारलंत," बाई म्हणाल्या. "नोकरी वाचवली ती तोंडाला आवर घालता आला नाही म्हणून. खाट उचला, मी एका बाजूने धरते."

अक्का म्हणाली, मला हिचा हात लागायला नको. पण उचलायला दुसरं कुणी नव्हतं. बाईंनी खाट धरली, अक्काने तिचे सगळे पूर्वज काढले, आणि दोघी एकमेकींकडे न बघता दारातून बाहेर पडल्या.

नवी जागा पुन्हा माडीवर. मामांनी अक्काला पाठीवर घेऊन जिना चढवला. प्रत्येक पायरीला ती एक वाक्य बोलली आणि वर पोचल्यावर बोलायची थांबली. कायमची. शेजारणीशी बोले, भिंतीशी बोले, भावाशी नाही. आमटीत मीठ कमी आहे हेसुद्धा शेजारणीला हाक मारून सांगायची, की त्याला सांगा. ज्या बहिणीच्या जिभेला मामा जन्मभर भ्यायले, तिच्या गप्प बसण्याने ते आता घरी टिकत नसत. उजाडलं की मैदान गाठायचे.

मैदानावर तरी काय होतं? बाईंची नजर होती. मशीन आता कोरड्या खोलीत राहत होतं, पाती लखलखत होती, आणि गवताचं टोक एखाद्या ठिकाणी पांढरं दिसलंच तर दोष द्यायला मामा होते. एके सकाळी मध्यावरचं एक ढेकूळ सुरीने काढून बाईंनी त्यांच्यापुढे धरलं. भोकातल्या वाळूतून पांढरी मुळं सरळ खाली उतरली होती. बाई म्हणाल्या, बोटभरसुद्धा नाहीत अजून. मामा म्हणाले, मागच्या खेपेला नखाएवढी होती. बाई म्हणाल्या, मग उभे काय राहिलात?

त्याच दिवशी साहेब चार पाहुण्यांना घेऊन आले. नुकतंच पाणी दिलेलं होतं, मैदान काळंभोर चमकत होतं. प्रदर्शनाचा तंबू कुठे येईल, मोटारी कुठे लागतील, हे साहेब हाताने दाखवत होते आणि दाखवता दाखवता त्यांनी एक पाय चुन्याच्या पट्टीच्या आत ठेवला. मामा काटा हातात घेऊन आडवे आले.

"ओलं आहे, साहेब. कडेनं जा."

साहेब पाहुण्यांकडे बघून हसले. म्हणाले, ओल्या मैदानावर काय चालवायचं नसतं हे आता आम्ही कुणाकडून शिकायचं? पाहुणेही हसले. मामांच्या कानशिलांवरच्या शिरा पुन्हा उभ्या राहिल्या, पण ते जागचे हलले नाहीत. काटा त्यांनी समोर जमिनीत रोवला. तो वीतभर आत गेला, आवाज न करता.

"माझ्याकडूनच," ते म्हणाले. "पाय काढा."

साहेबांनी लांब उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं. त्या मामांच्या बाजूने पुढे आल्या नाहीत की साहेबांच्या बाजूने मागे गेल्या नाहीत. हातातल्या नळीचं पाणी बंद करून नुसत्या बघत राहिल्या. साहेबांनी पाय काढला, बुटाचा तळ पाहिला आणि पाहुण्यांना घेऊन कडेकडेने, लांबच्या वाटेने निघाले.

मामांनी खाली वाकून साहेबांच्या बुटाचा ठसा पाहिला. टाच खोल बसली होती. त्यांनी काटा उपटला, त्या ठशात घातला, जरासा मागे रेलला आणि एक पाऊल मागे सरले.

"तिथे कशाला वेळ घालवताय?" बाई तिकडून म्हणाल्या. "मधलं आधी घ्या."

"मधलंही घेतो," मामा म्हणाले, आणि तिथेच आणखी एकदा काटा घातला.